रक्त का थांबत नाही?
आनुवंशिक रक्तस्रावाचे आजार आणि त्यांची प्रयोगशाळेतील तपासणी

आपल्या विदर्भात सिकलसेल हा शब्द आता खेड्यापाड्यापर्यंत पोहोचला आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा निबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर शिबिरे झाली, शाळांतून तपासण्या झाल्या, आणि १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू झाले. परंतु रक्ताच्याच आणखी एका आनुवंशिक आजाराबद्दल आपल्या वस्त्यांत अजूनही फारसे बोलले जात नाही. हा आजार म्हणजे लागलेल्या ठिकाणचे रक्त वेळेवर न थांबणे. यातील सर्वांत परिचित नाव हिमोफिलिया. दुसरे तितकेच महत्त्वाचे नाव व्हॉन विलेब्रँड आजार.

मूल रांगू लागते तसे त्याच्या अंगावर निळे-काळे डाग उठतात. चालू लागले की गुडघा सुजतो. कोणी म्हणते मुरगळले, कोणी म्हणते वात आहे, कोणी म्हणते बाहेरचे आहे. गुडघा चोळला जातो, कंबरेच्या स्नायूत इंजेक्शन दिले जाते आणि सूज दुप्पट होते. चार-पाच वर्षे अशी गेली की सांधा कायमचा आखडतो. हे सर्व टाळता येते, मात्र त्यासाठी आजाराचे नेमके नाव कळावे लागते. ते नाव डोळ्यांनी पाहून कळत नाही, प्रयोगशाळेतच कळते. म्हणून या लेखात आम्ही ही तपासणी काय असते, ती कोणत्या क्रमाने होते आणि चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावाहून ती नीट कशी करून घ्यावी, याचा पाठ वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रक्त थांबते कसे?

पावसाळ्यात शेताचा बांध फुटला म्हणजे आपण काय करतो? आधी हाताशी येतील ते दगड टाकतो. पाण्याचा जोर कमी होतो. मग तुराट्या-पऱ्हाट्या आडव्या टाकून वरून माती थापतो. शरीरही हेच करते. जखम झाली की प्रथम रक्तवाहिनी आकुंचन पावते. नंतर रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, जखमेच्या तोंडाशी गोळा होतात. हे झाले दगड. त्यानंतर रक्तद्रवातील प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि शेवटी फायब्रिन नावाच्या धाग्यांचे जाळे विणले जाते. हे जाळे म्हणजे पऱ्हाट्या आणि माती. जाळे पडले की बांध पक्का होतो.

या प्रथिनांना फॅक्टर किंवा घटक म्हणतात व त्यांना रोमन आकड्यांनी ओळखतात. पहिल्यापासून तेराव्यापर्यंत आकडे आहेत, मात्र सहावा घटक नाही, कारण ते नाव नंतर रद्द करण्यात आले. आठवा घटक कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी. जगभरात सुमारे पाच हजार जन्मणाऱ्या मुलग्यांमागे एकाला हिमोफिलिया ए असतो. बी त्याहून बराच कमी आढळतो. व्हॉन विलेब्रँड हे आणखी एक प्रथिन. ते बिंबिकांना जखमेशी चिकटवते, शिवाय आठव्या घटकाला आपल्या पाठीवर बसवून रक्तात सांभाळते.

हिमोफिलियात दगड शाबूत असतात, पण पऱ्हाट्या नसतात. म्हणूनच दात काढल्यावर रक्त आधी थांबल्यासारखे दिसते आणि काही तासांनी, रात्री घरी गेल्यावर, पुन्हा सुरू होते. ही खूण वाचकांनी लक्षात ठेवावी. हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त इतरांपेक्षा जोराने वाहत नाही, ते जास्त वेळ वाहते. किरकोळ खरचटण्याने त्याचा जीव जात नाही. धोका असतो तो आतल्या रक्तस्रावाचा, म्हणजे सांध्यात, स्नायूत, पोटात आणि डोक्यात होणाऱ्या.

वारसा : नात्यांच्या भाषेत

आठव्या व नवव्या घटकाची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. स्त्रीला दोन एक्स असतात, पुरुषाला एक. म्हणून आजार बहुधा मुलात दिसतो आणि आईकडून येतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी. आजारी बापाचे सर्व मुलगे निरोगी असतात, कारण मुलाला बाप आपला एक्स देत नाही. मात्र त्याच्या सर्व मुली वाहक असतात.

हे नात्यांच्या भाषेत मांडले की अधिक सोपे होते. मुलाला हिमोफिलिया निघाला तर विचारपूस आईच्या बाजूला करावी. मामाला असे होते का? मावसभावाला? आजीच्या भावाला? लहानपणीच दगावलेला एखादा मामा होता का? काका, आत्या, चुलतभाऊ यांच्याकडे शोधण्याचे कारण नाही. मामाला आजार असेल तर त्याची प्रत्येक मुलगी वाहक आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. आजारी मुलाने आजारी मामाची मुलगी केली, तर होणाऱ्या मुलींपैकीही निम्म्यांना हिमोफिलिया होऊ शकतो. पण मामा निरोगी असेल, तर त्याच्याकडून त्याच्या मुलीला हा दोष जात नाही.

सातवा, दहावा, तेरावा अशा घटकांच्या कमतरता व व्हॉन विलेब्रँड आजाराचा तीव्र प्रकार यांची वाट वेगळी आहे. त्यांत आई व वडील दोघांकडून दोष यावा लागतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात हे अधिक संभवते, आणि मुलगा-मुलगी दोघांनाही आजार होतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हास आवश्यक वाटते. सुमारे एकतृतीयांश कुटुंबांत मागे कोणालाही आजार नसतो, जनुकातील बदल नव्यानेच झालेला असतो. आणि जेथे तो आईकडून आलेला असतो, तेथेही तिने तो मागून घेतलेला नसतो. सुनेला दोष देणे, तिला माहेरी पाठविणे किंवा मुलाचा आजार म्हणजे कोणाचे पाप मानणे यास कसलाही आधार नाही. रक्ताचा अहवाल दोष कोणाचा हे ठरविण्यासाठी नसतो, उपाय कोणता हे ठरविण्यासाठी असतो.

शंका केव्हा घ्यावी?

पुढीलपैकी काही आढळल्यास डॉक्टरांना 'रक्त गोठण्याची तपासणी करावी काय?' असे विचारावे.

१) बाळाची नाळ पडताना किंवा पडल्यावर बराच काळ रक्त झिरपणे. हे विशेषतः तेराव्या घटकाच्या कमतरतेत दिसते.
२) रांगत्या मुलाच्या छाती-पोटावर कारणाशिवाय निळे डाग किंवा गाठी.
३) गुडघा, घोटा किंवा कोपर वारंवार सुजणे, गरम होणे.
४) लस अथवा इंजेक्शन दिलेली जागा टणक होऊन फुगणे.
५) दात काढल्यावर, सुंता केल्यावर किंवा कान टोचल्यावर रक्त दुसऱ्या दिवशीही येत राहणे.
६) वरचेवर नाकाचा घोळणा फुटणे आणि तो दहा मिनिटे दाबूनही न थांबणे.
७) मुलीला पहिल्या पाळीपासूनच अतिशय अंगावर जाणे, सात दिवसांहून अधिक चालणे, त्यापायी रक्त कमी होणे.

शेवटच्या खुणेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. व्हॉन विलेब्रँड आजार स्त्री-पुरुष दोघांनाही होतो. फिनलंडच्या डॉ. एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी १९२६ साली या आजाराचे प्रथम वर्णन केले ते ऑलंड बेटांवरील एका कुटुंबाच्या अभ्यासावरून. त्या कुटुंबातील जी लहान मुलगी प्रथम त्यांच्याकडे आली होती, ती पुढे वयाच्या तेराव्या वर्षी पाळीच्या रक्तस्रावाने दगावली. आपल्याकडे 'बाईच्या जातीला हे चालायचेच' असे म्हणून लोहाच्या गोळ्यांवर वर्षे काढली जातात. गोळ्या द्याव्याच, पण कारणही शोधावे. हिमोफिलियाच्या वाहक स्त्रियांतही घटकाचे प्रमाण कमी असू शकते, व त्यांना बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत त्रास होऊ शकतो.

सांधेदुखीच्या बाबतीत आपल्या भागात एक घोटाळा संभवतो. सिकलसेलमध्येही हातपाय दुखतात आणि लहान मुलांचे पंजे सुजतात. पण तेथे सूज रक्तपुरवठा अडल्याने येते, रक्त सांडल्याने नव्हे. सिकलसेलची चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे हिमोफिलिया नाही असे होत नाही. दोन्ही तपासण्या स्वतंत्र आहेत.

तपासणीची पहिली पायरी

प्रथम साधी रक्ततपासणी होते. त्यात हिमोग्लोबिन, बिंबिकांची संख्या आणि काचपट्टीवरील रक्ताचे निरीक्षण येते. बिंबिका कमी असतील तर वाट वेगळी. हिमोफिलियात त्या पुरेशा असतात.

आता एका प्रचलित समजुतीबद्दल. ऑपरेशनपूर्वी अनेक ठिकाणी 'बीटी-सीटी' करतात, म्हणजे बोट टोचून रक्त किती वेळ वाहते आणि किती वेळात गोठते ते पाहतात. ते नॉर्मल आले की घरचे निर्धास्त होतात. परंतु हिमोफिलियात बीटी नॉर्मलच असतो, आणि सीटी केवळ अगदी तीव्र आजारात वाढतो. सौम्य व मध्यम आजार यातून निसटतो. घोणस चावल्यावर ग्रामीण रुग्णालयात काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे ठेवून पाहतात. ती चाचणी सर्पदंशासाठी मोलाची आहे, पण हिमोफिलिया शोधण्यासाठी ती नव्हे.

खऱ्या उपयोगाच्या चाचण्या दोन : पीटी व एपीटीटी. दोन्हींत रक्तद्रव ३७ अंश तपमानावर ठेवून त्यात ठरावीक रसायन व कॅल्शियम घालतात आणि गुठळी होण्यास किती सेकंद लागतात ते मोजतात. पीटी ही चाचणी आर्मंड क्विक यांनी १९३५ साली दिली. एपीटीटीची मूळ चाचणी १९५३ मधील. साधारणपणे पीटी ११ ते १४ सेकंद व एपीटीटी २८ ते ३५ सेकंद असतो. प्रत्येक प्रयोगशाळेचे स्वतःचे नॉर्मल आकडे असतात व ते अहवालावर छापलेले असतात, तेच धरावेत.

या दोन आकड्यांवरून शोध कसा अरुंद होत जातो ते पाहा :

• फक्त एपीटीटी वाढला, पीटी ठीक : आठवा, नववा, अकरावा किंवा बारावा घटक.
• फक्त पीटी वाढला : सातवा घटक.
• दोन्ही वाढले : पाचवा, दहावा, दुसरा घटक किंवा फायब्रिनोजेन. यकृताचा आजार, के जीवनसत्त्वाची कमतरता, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, विषारी साप यांनीही असे होते. म्हणून ही कारणे आधी वगळावी लागतात.
• दोन्ही ठीक, तरी रक्तस्राव : तेरावा घटक, व्हॉन विलेब्रँड, सौम्य हिमोफिलिया किंवा बिंबिकांच्या कामातील दोष.

यातील बारावा घटक मोठा विलक्षण आहे. तो नसला तर एपीटीटी खूप वाढतो, परंतु रक्तस्राव होत नाही. यावरून एक धडा मिळतो. नळीत घडते तेच शरीरात घडते असे नाही, म्हणून आकड्याबरोबर रुग्णाची हकीकतही वाचावी लागते. शेवटच्या ओळीचा धडा याच्या उलट आहे. एपीटीटी नॉर्मल आला म्हणून शंका मिटत नाही. तेरावा घटक धाग्यांना गाठ मारतो, गुठळी होण्याच्या वेळेशी त्याचा संबंध नसतो. त्यासाठी गुठळी युरियाच्या तीव्र द्रावणात ठेवतात. गाठी पक्क्या असतील तर ती टिकते, नसतील तर विरघळून जाते.

दुसरी पायरी : मिसळून पाहणे

१९४७ साली अर्जेंटिनातील डॉ. पाव्लोव्स्की यांना आढळले की, प्रयोगशाळेत एका हिमोफिलिया रुग्णाचे रक्त दुसऱ्या हिमोफिलिया रुग्णाच्या रक्तात मिसळले असता दोन्ही दुरुस्त झाली. याचा उलगडा पुढे झाला. दोघांत उणीव वेगवेगळ्या प्रथिनांची होती, एकाकडे नव्हते ते दुसऱ्याकडे होते. १९५२ साली इंग्लंडमध्ये या दुसऱ्या प्रकाराला ख्रिसमस आजार हे नाव मिळाले, ते स्टीफन ख्रिसमस या रुग्णाच्या आडनावावरून. तोच आजचा हिमोफिलिया बी.

हेच तत्त्व आजही वापरतात. रुग्णाचा रक्तद्रव व निरोगी माणसांचा रक्तद्रव समप्रमाणात मिसळून एपीटीटी पुन्हा मोजतात. वेळ नॉर्मलला आली तर काहीतरी कमी आहे, ते निरोगी रक्ताने भरून काढले. वेळ दुरुस्त झाली नाही तर घटकाला मारणारे द्रव्य, म्हणजे इन्हिबिटर, रक्तात आहे. आठव्या घटकाचे इन्हिबिटर सावकाश काम करतात, यास्तव मिश्रण ३७ अंशांवर एक-दोन तास ठेवून पुन्हा पाहावे लागते.

तिसरी पायरी : नेमका घटक मोजणे

यात रुग्णाचा रक्तद्रव पातळ करून, ज्यात आठवा घटक मुळीच नाही अशा तयार रक्तद्रवात मिसळतात. आता गुठळी किती लवकर होते हे केवळ रुग्णाकडच्या आठव्या घटकावर अवलंबून असते. ती वेळ प्रमाण आलेखाशी ताडून टक्केवारी काढतात. नवव्या घटकासाठीही असेच. निरोगी माणसांत साधारण ५० ते १५० टक्के घटक असतो. १ टक्क्यापेक्षा कमी म्हणजे तीव्र, १ ते ५ टक्के मध्यम, ५ ते ४० टक्के सौम्य आजार.

आठवा घटक कमी आला म्हणजे लगेच हिमोफिलिया ए म्हणता येत नाही. व्हॉन विलेब्रँड प्रथिन कमी असेल तरीही आठवा घटक घसरतो, कारण त्याला सांभाळणारेच नसते. म्हणून व्हॉन विलेब्रँड प्रथिनाचे प्रमाण व त्याचे काम अशी दोन्ही मोजतात. काम मोजण्यासाठी रिस्टोसेटिन वापरतात. हे पूर्वी प्रतिजैविक होते. त्याने बिंबिका एकमेकींना चिकटतात असे दिसल्यावर औषध म्हणून ते बंद झाले, पण तोच दोष प्रयोगशाळेत गुण ठरला. या प्रथिनाचे प्रमाण ताण, ताप व गरोदरपणात वाढते आणि ओ रक्तगटात मुळातच थोडे कमी असते. यामुळे एकदा नॉर्मल आले तरी शंका असल्यास पुन्हा तपासावे. नवजात बाळात नववा घटक मुळातच कमी असतो, तोही सहा महिन्यांनी पुन्हा मोजून खात्री करतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, चार वर्षांचा मुलगा, गुडघा तिसऱ्यांदा सुजलेला. बिंबिका पुरेशा. पीटी १३ सेकंद, म्हणजे ठीक. एपीटीटी ९२ सेकंद, म्हणजे वाढलेला. मिसळल्यावर ३४, म्हणजे दुरुस्त झाला. अर्थात कमतरता आहे, इन्हिबिटर नाही. आठवा घटक ०.८ टक्के, नववा ८५ टक्के, व्हॉन विलेब्रँड प्रथिन नॉर्मल. निदान : तीव्र हिमोफिलिया ए. प्रत्येक आकड्याने एकेक दार बंद केले आणि शेवटी एकच उघडे राहिले.

ए की बी, हे कळून काय उपयोग?

उपयोग जीवाचा आहे. क्रायोप्रेसिपिटेट नावाच्या रक्तघटकात आठवा घटक, व्हॉन विलेब्रँड, तेरावा व फायब्रिनोजेन असतात, नववा नसतो. हिमोफिलिया बीच्या मुलाला क्रायोच्या पिशव्या चढविल्या तर खर्च होतो, वेळ जातो, रक्तस्राव तसाच राहतो. तयार घटकाची मात्राही निराळी. वजनाच्या दर किलोमागे एक युनिट दिल्यास आठवा घटक सुमारे २ टक्क्यांनी वाढतो, नववा सुमारे १ टक्क्याने. वीस किलोच्या मुलाची पातळी ४० टक्क्यांवर न्यायची तर आठव्याची ४०० युनिटे लागतील, नवव्याची ८००. आठवा घटक शरीरात साधारण ८ ते १२ तासांत निम्मा होतो, नववा त्याहून जास्त टिकतो. म्हणून किती वेळाने पुन्हा द्यायचे हेही निदानावरच ठरते.

तीव्र हिमोफिलिया एच्या सुमारे २५ ते ३० टक्के रुग्णांत उपचारानंतर इन्हिबिटर तयार होतात व नेहमीचा घटक लागू पडेनासा होतो. त्यांचे प्रमाण बेथेस्डा युनिटांत मोजतात. यासाठी एकदा निदान झाले म्हणजे तपासणी संपली असे नाही, ठरावीक काळाने ती करीत राहावी लागते. हिमोफिलिया एसाठी आता एमिसिझुमॅब हे त्वचेखाली टोचण्याचे औषधही आले असून ते इन्हिबिटर असलेल्यांनाही चालते. मात्र त्या औषधावर असताना नेहमीचा एपीटीटी फसवा येतो, म्हणून रक्त देताना औषधाचे नाव अवश्य सांगावे.

रक्त घेताना आणि नेताना

बरेच चुकीचे अहवाल यंत्रापूर्वीच जन्माला येतात, म्हणून हा भाग काळजीपूर्वक वाचावा. रक्त निळ्या झाकणाच्या, ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असलेल्या नळीत घेतात. प्रमाण ठरलेले आहे : नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होते आणि एपीटीटी खोटाच वाढतो. शीर एकदाच, नीट सापडावी. सुई फार चाळवली तर रक्त नळीतच गोठू लागते. दंडाचा पट्टा जास्त वेळ आवळू नये. हिपॅरिन दिलेल्या सलाईनच्या नळीतून रक्त घेऊ नये. घेतल्यावर नळी हलक्या हाताने तीन-चार वेळा उलटी-सुलटी करावी, घुसळू नये. रक्त घेतल्यावर ती जागा निदान पाच-दहा मिनिटे दाबून धरावी.

यानंतर चार तासांच्या आत रक्त यंत्रात फिरवून, द्रव वेगळा करून चाचणी व्हावी, नाहीतर द्रव उणे ७० अंशांसारख्या थंडीत गोठवावा. न फिरवलेले रक्त बर्फात ठेवणेही घातक, कारण त्याने आठवा घटक व व्हॉन विलेब्रँड प्रथिन कमी दिसते. आता विचार करा. ब्राह्मणवाडा थडी, शिरजगाव कसबा किंवा करजगावहून मे महिन्याच्या उन्हात कोणाच्या तरी पिशवीतून नळी चांदूर बाजारला यायची, तेथून पुढे एस.टी.ने अमरावतीला आणि तेथून कुरिअरने मोठ्या शहरात जायची. आठवा घटक या प्रवासात टिकत नाही. निरोगी मुलगा आजारी ठरेल किंवा खऱ्या आजाराचा आकडा चुकेल. म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे : घटकांच्या तपासणीसाठी रक्त पाठवू नये, रुग्णाला पाठवावे. तो प्रवास एकदा करावा, नीट करावा, आणि अहवाल जन्मभर जपावा.

तपासणी कोठे?

सुरुवात ग्रामीण रुग्णालयातूनच करावी. हकीकत सांगून साधी रक्ततपासणी करावी व पुढील चिठ्ठी घ्यावी. राज्याच्या आरोग्य विभागाने हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल यांसाठी ज्या जिल्ह्यांत प्रथम डे-केअर केंद्रे उभारली त्यांत नाशिक, सातारा व ठाण्याबरोबर आपला अमरावती जिल्हा आहे. घटक कोणत्या दिवशी मोजतात हे जिल्हा रुग्णालयात आधी विचारून जावे, म्हणजे मजुरी बुडवून गेलेला दिवस वाया जाणार नाही. पुढील गुंतागुंतीच्या तपासणीसाठी मुंबईत परळ येथे के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ती सुरू केली. आज तेथे दुर्मीळ घटकांच्या कमतरता, इन्हिबिटर व जनुकांची तपासणी होते. हिमोफिलिया ए व व्हॉन विलेब्रँड आजाराची प्राथमिक चाचणी मोठ्या यंत्रांशिवाय करता यावी असे किटही याच संस्थेने विकसित केले आहे.

कुटुंबातील मुली वाहक आहेत की नाहीत, हे केवळ घटक मोजून खात्रीने कळत नाही. वाहक मुलीचा घटक नॉर्मलही येतो. खात्री जनुक तपासणीने होते, आणि त्यासाठी आजारी मुलाचा नमुना हाती असणे फार मोलाचे असते. ही तपासणी लग्नानंतर, दिवस गेल्यावर घाईने करण्यापेक्षा आधी करावी. 'मुलीचे लग्न जमणार नाही' म्हणून ती झाकली जाते, हे आम्ही जाणतो. पण झाकल्याने जनुक बदलत नाही, बदलते ते एवढेच की बाळंतपणाच्या वेळी डॉक्टर बेसावध असतात.

निदान झाल्यावर

अहवालाची प्रत व रक्तगट मुलाच्या दप्तरात ठेवावा आणि शाळेतील गुरुजींना सांगून ठेवावे. ॲस्पिरिन देऊ नये, ताप-वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते. स्नायूत इंजेक्शन टाळावे. लसी चुकवू नयेत, त्या बारीक सुईने व नंतर नीट दाबून देता येतात. सांधा सुजला तर चोळू नये. विश्रांती, बर्फ, हलका दाब, पाय उंच, आणि लगेच केंद्राकडे. डोक्याला मार लागला तर लक्षणांची वाट पाहू नये, आधी घटक, मग बाकी तपासण्या. दात काढण्यापूर्वी किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी केंद्राचा सल्ला घ्यावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी पक्का घटक-अहवाल लागतो, म्हणजे येथेही तपासणीच कामास येते. देशभरातील रुग्ण व पालकांची हिमोफिलिया फेडरेशन ही संघटना १९८३ पासून काम करीत आहे. दरवर्षी १७ एप्रिल हा जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो.

समाजातील शिक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका व महिला मंडळांच्या भगिनींना आमची विनंती आहे की, वारंवार सांधा सुजणारा मुलगा किंवा पाळीने पांढरी पडलेली मुलगी दिसल्यास त्या घरी जाऊन दोन प्रश्न विचारावेत : मामाकडे, मावशीकडे कोणाला असे होते का? आणि पीटी, एपीटीटी केले आहे का? पहिल्या प्रश्नाला पैसा लागत नाही, दुसऱ्याला फारसा लागत नाही. त्यांची उत्तरे वेळेवर मिळाली, तर ते मूल आपल्या पायांनी शाळेत जाईल.